पाणी कुठं मुरतंय

गल्लीतले लोक त्यांना कडक काकू म्हणत. हे नाव इस्त्रीवरून पडलं की स्वभावावरून, याबद्दल दोन मतं होती. त्यांच्या लाँड्रीतून आलेल्या शर्टाची कॉलर अशी उभी राही की मान वळवताना गळा कापेल की काय असं वाटावं, आणि बोलणंही त्याच जातीचं. "काकू, उद्या नक्की मिळेल ना?" असं कुणी विचारलं, तर मान वर न करता उत्तर येई, "काल काय सांगितलं होतं? मग आज ते बदललं का?" तरी गिऱ्हाईक तुटत नसे. डाग जाणार नसेल तर त्या तोंडावर सांगायच्या, आणि दिलेला वार कधी चुकवायच्या नाहीत.

राग हा काकूंचा जुना सोबती. लग्नाआधी त्या तयार कपड्यांच्या एका कारखान्यात इस्त्रीच्या टेबलावर उभ्या असत. कामाचा वेळ वाया जातो म्हणून तिथल्या सुपरवायझरनं एकदा बायकांच्या संडासाला कुलूप लावलं. बाकीच्या पोरी रडल्या. काकूंनी इस्त्रीची वायर ओढून काढली, गरम इस्त्री तशीच हातात धरून सुपरवायझरच्या खोलीत गेल्या आणि एवढंच म्हणाल्या, "किल्ली." किल्ली मिळाली, नोकरी गेली. दुसऱ्या दिवशी सगळ्या पोरी कारखान्यासमोर रस्त्यावर बसल्या. त्या गर्दीत एक बस अडकली. तिच्या ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, पेपर उघडला आणि वाचत बसला. एकदाही हॉर्न वाजवला नाही.

"म्हणून तर लग्न केलं," काकू सांगत. "नाहीतर होतं काय बघण्यासारखं?"

ड्रायव्हरकाका यावर हसत. आता ते निवृत्त होऊन लाँड्रीच्या काउंटरवर बसत आणि कपड्यांना चिठ्ठ्या लावत. जन्म इंजिनाशेजारी गेल्यामुळे त्यांना एका कानानं कमी ऐकू येई. कोणत्या कानानं, ते समोर कोण बोलतंय त्यावर ठरे.

लाँड्री इमारतीच्या तळमजल्यावर, घर त्याच्या बरोबर वर. काकूंच्या समोरच्या दारात एक साहेब राहत. पाणीखात्यात मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, मुलगा, सून आणि लहान नात यांच्याबरोबर. घरातसुद्धा शर्ट खोचून वावरणारा माणूस. आणि तिसऱ्या मजल्यावर राहत असे 'आतली बातमी'.

हा पूर्वी लिफ्टचा मेकॅनिक होता. हात सोन्याचा. काकांना तो थोरल्या भावासारखं मानायचा, त्यामुळे काकूंना वहिनी म्हणायचा आणि काकू त्याला भावजी म्हणायच्या. त्याची बायको काकूंच्याच लाँड्रीत मशीनवर बसून बटणं, चेन, उसवलेल्या शिवणी दुरुस्त करायची. काकू तिला जाऊबाई म्हणत. सख्ख्या जावांमध्ये नसतो इतका जिव्हाळा त्या दोघींत होता.

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाची लिफ्ट कोसळली आणि आतल्या माणसाचे पाय गेले. दोर बदलायला हवा असं या मेकॅनिकनं दोनदा लेखी कळवलं होतं. सरकारी तपासनीस मात्र न येताच 'सर्व ठीक' असा शिक्का मारून मोकळा झाला होता. चौकशी लागली तेव्हा मेकॅनिक घाबरला. काकूंनी त्याला धीर दिला, चार माणसं जमवली, फलक धरले, आणि त्याला बजावलं, "भावजी, जे आहे ते खरं सांगा. खऱ्याला भ्यायचं काय कारण?" त्यानं खरं सांगितलं. अहवालात ठपका त्याच्यावर आला, परवाना गेला, तपासनिसाला बढती मिळाली.

त्या दिवसापासून त्याचा विश्वास उडाला. आधी चौकशांवरचा उडाला, ते काकूंना समजण्यासारखं होतं. मग वर्तमानपत्रांवरचा उडाला. मग दवाखान्यांवरचा, बँकांवरचा, शेवटी हवामानाच्या अंदाजावरचासुद्धा. दिवसभर फोनमध्ये डोकं घालून बसायचा आणि जिन्यात कुणी भेटलं की आवाज खाली आणून म्हणायचा, "आतली बातमी आहे. पाणी मुरतंय कुठंतरी." लोक हसायचे. काकू हसत नसत. त्यांना राग यायचा. त्याच्यावर थोडा, आणि ज्यांनी त्याला असं करून ठेवलं त्यांच्यावर जास्त.

आणि मग एक दिवस खरोखरच पाणी मुरायला लागलं.

सकाळी नळाला आलेलं पाणी पिवळट होतं. वास असा की बादलीवर वाकलं की नाक धरावं. काकूंनी पांढऱ्या चादरी भिजवल्या होत्या, त्यांच्यावर चहा सांडल्यासारखे ढग उमटले. तसंच दुसऱ्या दिवशी, तसंच तिसऱ्या. मागच्या इमारतीतली दोन पोरं जुलाबांनी आडवी झाली. काकूंनी लाँड्रीचं अर्धं शटर खाली ओढलं, सह्या गोळा केल्या आणि पाणीखात्याच्या कार्यालयात गेल्या. तिथल्या कारकुनानं अर्ज घेतला, बाटलीत आणलेलं पाणी लांबूनच बघितलं आणि म्हणाला, "बघतो."

"काय बघता? आत्ता बघा ना. समोर ठेवलंय."

"बाई, नमुने असे बाटलीतून घेत नाहीत."

"मग कशातून घेतात? तुम्ही या, घ्या."

कुणी आलं नाही. काकू पुन्हा गेल्या, पुन्हा गेल्या. जिन्यात साहेब भेटले. त्यांना हे आवडलं नव्हतं.

"तुम्ही उगाच लोकांना भडकवताय," ते म्हणाले. "पाणी तपासूनच सोडतात. मी जन्म घालवलाय त्या खात्यात. तिथं एक पद्धत आहे."

"साहेब, पद्धत असेल तुमची चांगली. पाणी वास मारतंय."

"टाकी धुतली असेल कुठंतरी. दोन दिवसांत निवळेल. प्रत्येक गोष्टीला मोर्चा काढायचा म्हणजे हे खातं चालायचं कसं?"

"चालतंय कुठं? तेच तर सांगतेय."

साहेबांनी दार लावून घेतलं. काकू लाँड्रीत आल्या आणि एका निरपराध कोटावर इस्त्री आपटायला लागल्या. काका त्या वेळी काकूंच्या बाजूच्या कानानं बहिरे झाले.

तोवर वरून आतली बातमी खाली उतरली होती. या वेळी ती जिन्यात न थांबता फोनवरून अख्ख्या वस्तीत पोचली. सरकारनं म्हणे पाण्यात एक औषध मिसळलं होतं. माणसं मऊ करण्याचं औषध. ते प्यायलं की माणसाला राग येत नाही, प्रश्न विचारावेसे वाटत नाहीत, सांगितलं ते पटतं. आपली वस्ती प्रयोगासाठी निवडली आहे, कारण इथले लोक फार तक्रारी करतात.

"असं आहे होय?" काकू म्हणाल्या. "मग माझ्यावर का चालेना ते? मी तर रोज पितेय, आणि रोज चढतोच आहे माझा पारा."

दुकानातली माणसं खदखदून हसली. जाऊबाई मशीनवर मान खाली घालून बसली होती. तिच्याकडे लक्ष गेलं तसं काकूंनी हसणं आवरलं.

"वहिनी, तुम्ही हसा," तो म्हणाला. "मी तर नळाचं पाणी बंद केलंय घरात. त्या बंद पडलेल्या कारखान्याच्या बोअरवरून कॅन आणतो. तुम्हीही तेच करा."

"भावजी, सगळी वस्ती काय बोअरवर जाईल? नळ दुरुस्त व्हायला पाहिजे. आणि तो व्हायचा तर ही औषधाची गोष्ट आधी थांबवा. मी तिथं जाते तेव्हा त्यांनी पाइपाबद्दल बोलावं असं मला वाटतं. त्यांना पळवाट देऊ नका."

"पाइप!" तो हसला. "तुम्हाला अजून पाइपच वाटतोय."

काकूंनी शेवटी इंजिनीअरला इमारतीखाली आणला. कसा आणला ते त्यांनाच ठाऊक. बहुतेक त्याच्या खोलीबाहेर बसून बसून त्याला वीट आणला असावा. गाड्या लावायच्या जागेत वस्तीतली माणसं जमली. काकूंनी दोन बादल्या मांडून ठेवल्या, एक आठवड्यापूर्वीची, एक सकाळची. आजारी पोरांच्या आयांना पुढं उभं केलं. कोण काय बोलणार तेही ठरवून दिलं होतं. इंजिनीअर तरुण होता, घामेजला होता. त्यानं बादलीवर वाकून वास घेतला आणि त्याचा चेहरा बदलला.

"हे... ठीक नाही हे," तो म्हणाला. "इथून लाइन कुठून जाते? कोपऱ्यापासून खोदून बघावं लागेल..."

एवढंच हवं होतं काकूंना, खोदून बघणं.

तेवढ्यात मागून आवाज आला. आतली बातमी खुर्चीवर चढून उभी होती.

"खोदायचं नाटक नको! औषधाचं नाव सांगा! किती वर्षं मिसळताय ते सांगा! कुणाच्या हुकमानं माणसं मऊ करताय?"

दोन-चार पोरांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी फोन वर धरला. इंजिनीअर गोंधळून इकडंतिकडं बघायला लागला, आणि मग काकूंनी बघितलं, त्याच्या चेहऱ्यावरचा घाम जणू आत गेला. तो हसला. सुटका झालेल्या माणसाचं हसू. त्याच्याबरोबर माणसंही हसली.

"असं आहे काय प्रकरण," तो म्हणाला. "अहो, अशा अफवांवर आम्ही रस्ते खोदायला लागलो तर..." आणि फाईल काखेत मारून निघालाच. काकू मागं धावल्या, "इंजिनीअरसाहेब, त्यांचं सोडा, तुम्ही आत्ता स्वतः वास घेतलात!" पण गाडीची काच वर गेली होती.

दोन दिवसांनी खात्याचं निवेदन आलं. पाणी पिण्यास योग्य आहे, अफवा पसरवणाऱ्यांवर कारवाई होईल. आणि जमाव जमवला म्हणून काकूंना पोलीस चौकीत बोलावणं आलं. तिथला हवालदार कागद चाळत म्हणाला, "तुम्हीच का त्या औषधवाल्या बाई?"

आयुष्यात काकूंना लोकांनी खूप काही म्हटलं होतं. भांडखोर, तोंडाळ, मोर्चावाली. कुणी कधी खुळी म्हटलं नव्हतं. तिथं त्या काय बोलल्या ते त्यांना नंतर आठवेना. आठवत होतं ते एवढंच की परत येताना लाँड्री ओलांडून त्या थेट तिसऱ्या मजल्यावर गेल्या.

दार त्यानंच उघडलं. "या वहिनी, बघितलंत ना, तुम्हाला पण पकडलं. म्हणजे मी म्हणत होतो ते..."

"तू गप्प बस."

जाऊबाई आतून बाहेर आली होती, ती जागच्या जागी थांबली. इतक्या वर्षांत काकू त्याला 'तुम्ही'शिवाय बोलल्या नव्हत्या.

"त्याच्या तोंडून शब्द निघत होता, खोदतो म्हणून. निघत होता! मी किती खेपा घातल्या त्यासाठी, किती जणांचे पाय धरले. तू खुर्चीवर चढलास आणि सगळं मातीत घातलंस. तुला कळतं का तू काय केलंस? त्यांना पळून जायला दार हवं होतं, ते तू उघडून दिलंस. त्यांनी माणूस नेमला असता ना, तरी त्यानं इतकं चोख काम केलं नसतं!"

"मी? मी त्यांचा माणूस?" त्याचा चेहरा पांढरा पडला. "ज्यांनी माझं आयुष्य उद्ध्वस्त केलं त्यांचा? वहिनी, चौकशीला मला कोण घेऊन गेलं होतं? खरं सांगा म्हणून कोण म्हणालं होतं? सांगितलं मी खरं! काय मिळालं? तुम्ही अजून अर्ज घेऊन त्यांच्याच दारात बसता, आणि मला खुळा म्हणता?"

"हो, बसते! कारण पाणी त्यांच्याच पाइपातून येतं, तुझ्या फोनमधून येत नाही!"

शेजारची दारं उघडली होती. काकू खाली उतरल्या. त्याचं ते चौकशीचं बोलणं त्यांना लागलं होतं, पण राग इतका होता की लागलेलं कळायलाही जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी जाऊबाई कामावर आली नाही. मशीनवर न शिवलेल्या कपड्यांचा ढीग साठला.

मग ड्रायव्हरकाका आजारी पडले. आधी जेवण नकोसं झालं, मग उलट्या, मग डोळे हळदीसारखे पिवळे. डॉक्टर म्हणाले कावीळ, दूषित पाण्यातून, आणि त्यांना दवाखान्यात ठेवून घेतलं. पिवळं पाणी यायला लागल्यापासून काकू घरात पाणी उकळून ठेवत, दुकानात नेण्यासाठी बाटली भरून देत.

"बाटलीतलं पीत होतात ना?" त्यांनी विचारलं.

काका खाटेवरून क्षीण हसले. "कोमट लागतं गं ते. काउंटरच्या मागं नळ आहे ना, तिथं ओंजळ धरायचो."

काकूंना त्या क्षणी त्यांना हलवून हलवून रागवावंसं वाटलं. त्याऐवजी त्यांनी चादर नीट केली, आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. डोळ्यांतून पाणी आलं, तेही रागाचंच. हा माणूस त्यांच्या शब्दाबाहेर कधी गेला नव्हता, आणि गेला तो नेमका इथं. आणि ज्याची गोष्ट साफ खोटी, त्याचं घर धडधाकट होतं, कारण तो बोअरचं पाणी आणत होता. जिचं म्हणणं खरं, तिचा नवरा सलाईनवर होता. कुणाकडं दाद मागायची याची?

कपडे बदलायला त्या घरी आल्या तेव्हा दाराशी पाण्यानं भरलेला कॅन होता. कुणी ठेवला ते सांगायची गरज नव्हती. काकूंनी त्याला लाथ मारली. कॅन हलला नाही, अंगठा मात्र ठणकायला लागला. शिव्या घालत त्यांनी तो उचलून आत नेला, कारण दवाखान्यात स्वच्छ पाणी लागणारच होतं. दुसऱ्या दिवशी रिकामा कॅन दाराबाहेर ठेवला. संध्याकाळी तो भरलेला होता. असं रोज चाललं. एकदा जिन्यात दोघांची गाठ पडली. तो कॅन खांद्यावर घेऊन धापा टाकत वर येत होता. काकूंनी मान फिरवली. त्यानंही फिरवली. कॅन दाराशी ठेवून तो निघून गेला.

काकांची कावीळ उतरत होती तेव्हा साहेबांची नात आजारी पडली. तीच कावीळ. साहेबांनी फोन उचलला. एकच फोन. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावर खोदाईचं यंत्र उभं होतं, माणसं होती, वरचे दोन अधिकारी होते. दुपारपर्यंत सापडलं. गटाराची वाहिनी आणि पिण्याच्या पाण्याची वाहिनी अंगाला अंग लावून गेल्या होत्या, दोन्हींचे सांधे गंजून सुटले होते, आणि नळाला पाणी सोडलेलं नसेल तेव्हा घाण पाणी निवांत आत शिरत होतं.

काकू खड्ड्याच्या काठावर उभ्या राहून बघत होत्या. साहेब त्यांच्या शेजारी येऊन थांबले. पहिल्यांदाच त्यांचा शर्ट बाहेर आलेला होता.

"मला खरंच वाटलं नव्हतं," ते हळू आवाजात म्हणाले. "तपासल्याशिवाय सोडत नाहीत असंच मला..."

"नात कशी आहे?"

"बरी आहे. उद्या सोडतील."

"बरं झालं." काकू खड्ड्याकडं बघतच होत्या. "साहेब, हा फोन तुमच्याकडं पहिल्या दिवशीपण होता. इतक्या सह्या, इतक्या खेपा, माझा नवरा, ती पोरं. त्या सगळ्यांचं वजन त्या एका फोनाएवढं झालं नाही. मला आनंद व्हायला पाहिजे खड्डा बघून. होत नाही."

साहेब काठावर तसेच उभे राहिले, आणि काकू निघून आल्या.

नवी वाहिनी पडली. पाणी स्वच्छ आलं. मग एका सकाळी गाड्या लावायच्या जागेत खुर्च्या मांडल्या गेल्या, माइक आला, इंजिनीअर आला, त्याचे वरिष्ठ आले, वस्तीचे निवडून आलेले सदस्य आले. नळ सोडून फोटो काढले. वरिष्ठ बोलले, "नियमित देखभालीच्या वेळी आमच्या सतर्क कर्मचाऱ्यांना हा दोष आढळला..."

काकू उठल्या. काका नुकतेच घरी आले होते, खंगून अर्धे झालेले. त्यांनी पदर ओढला, पण काकूंनी तो सोडवून घेतला.

"कधीची देखभाल? कोण कर्मचारी?" त्यांनी विचारलं. माइकची गरजच नव्हती. "त्या इंजिनीअरसाहेबांनी इथंच बादलीचा वास घेतला होता. घेतला होता की नाही? सांगा. तुम्ही पाणी पिण्यास योग्य आहे म्हणून छापलंत. मला चौकीत बसवलंत. मला तुमचे फोटो नकोत. तुम्ही या माइकवर दोन शब्द बोला. चूक झाली. बास. मी घरी जाते."

वरिष्ठ हसून म्हणाले, "ताई, आता प्रश्न सुटलाय ना? सहकार्य करा."

आणि सगळ्यात जास्त चीड आणणारी गोष्ट यापुढं घडली. मागून माणसंच म्हणायला लागली, "जाऊ दे ना काकू. आलं ना पाणी. कशाला आता?" ज्यांची पोरं आडवी झाली होती, त्यांच्यातल्याच एकीनं हात धरून त्यांना खाली बसवलं. काकू बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपलं वय जाणवलं. आजूबाजूला टाळ्या वाजत होत्या.

टाळ्या न वाजवणारं आणखी एक माणूस होतं. ते खांबाला टेकून उभं होतं. कार्यक्रम संपल्यावर ते लाँड्रीत आलं. मागोमाग त्याची बायको आली, मशीनवर बसली आणि ढिगातला पहिला शर्ट ओढून दोरा ओवायला लागली.

"वहिनी, तुम्ही चौकशीचा अर्ज करणार ना?" त्यानं विचारलं.

"करणार. लिहितेच आहे."

"दाखवा."

काकूंनी कागद पुढं सरकवला. त्यानं वाचला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "निष्काळजीपणा? हे काय लिहिलंय? कट लिहा. इतक्या घाईनं रातोरात पाइप बदलला, जुना पाइप कुठं नेला? पुरावा नष्ट केला. औषधाचा..."

"भावजी!" काकूंनी मुठीनं काउंटर दणाणवला. काका खुर्चीत दचकले. "कट करायला माणसाला डोकं चालवावं लागतं. जागावं लागतं, आपल्याबद्दल विचार करावा लागतो. आपला विचार केलाच नाही हो कुणी! त्यांना आपण दिसलोच नाही. कुणी आपल्याला मारायला निघालं असतं, तर निदान आपण कुणीतरी आहोत असं तरी वाटलं असतं. ह्यांनी नुसतं वाकून बघितलं नाही. याला काय म्हणायचं ते मला ठाऊक आहे, आणि तो शब्द मी बदलणार नाही."

"आणि मी हा शब्द मानणार नाही," तोही ओरडला. "न बघता शिक्का मारतो त्याला नंतर बढती मिळते. चुकून मिळते का बढती? निष्काळजीपणा म्हटलं की समज देतात आणि सोडतात. मला माहितीय. मी भोगलंय."

काकूंनी काउंटरवरची मूठ काढून घेतली.

"ते भोगलंत ते खरं आहे," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला तिथं नेलं होतं, तेही खरं आहे. पण म्हणून औषध खरं होत नाही."

"मग मी माझा वेगळा अर्ज करीन."

"करा! खुशाल करा!"

दारात गिऱ्हाईक जमलं होतं. जाऊबाई मशीन थांबवून उठली. तिनं काकूंच्या हातातलं पेन घेतलं, काकूंच्या अर्जाखाली सही केली आणि नवऱ्याकडं बघून म्हणाली, "तुमचा लिहून झाला की मला दाखवा. पटला तर त्यावरपण करीन. औषध असेल तर करणार नाही." आणि पुन्हा जाऊन बसली.

त्याचा अर्ज चार पानी झाला. त्यात औषध होतंच, पण चौथ्या पानावर लिफ्टसुद्धा होती, तपासनिसासकट. बायकोनं त्यावर सही केली नाही. काकूंनी तो वाचला, चौथं पान वेगळं काढलं आणि म्हणाल्या, "हे एवढंच द्या. यावर मीपण सही करते." तो एका पानावर राजी झाला नाही.

चौकशी लागली. इंजिनीअरची बदली झाली, वरिष्ठांना काही झालं नाही. सुनावणी म्हणून एका लांबच्या कार्यालयात बोलावतात, बाकावर बसवून ठेवतात आणि संध्याकाळी पुढची तारीख देतात. काकू लाँड्री जाऊबाईवर आणि काकांवर सोपवून जातात. तो आपली चार पानं घेऊन येतो. एकाच बाकाच्या दोन टोकांना दोघं बसतात. मागच्या खेपेला कारकुनानं वर बघून विचारलं, "तुम्ही दोघं एकाच प्रकरणात का?"

"नाही," दोघंही एकदम म्हणाले, आणि मग कुणाचं प्रकरण आधी घ्यायचं यावरून त्याच्या टेबलासमोर एवढं कडाक्याचं भांडले की शेवटी आतला अधिकारी स्वतः बाहेर आला. त्या दिवशी पहिल्यांदा दोघांचंही म्हणणं कुणीतरी लिहून घेतलं. त्यानं पुढं काय होईल, याबद्दल काकूंना फारशी आशा नाही आणि आतल्या बातमीला तर अजिबात नाही. पुढच्या तारखेलाही दोघं जाणार आहेत, वेगवेगळ्या बसनं.